जेवणासह कीं जेवणाविना?

श्रावणाच्या सरी पुण्यावर येऊं लागल्या, कीं शहरांतील पुष्कळ घरांत लोणावळ्याचा विषय निघतो. कोणाला लोहगड चढावयाचा असतो, कोणाला एकवीरेचें दर्शन घ्यावयाचें असतें, कोणाला नुसतें धुक्यांत बसून कणीस खावयाचें असतें. बेत ठरतो आणि हॉटेलाकडे चौकशी होते. खोलीचा दर समजतो न समजतो तोंच पलीकडून प्रश्न येतो : "जेवणासह घेणार, कीं नुसती खोली?" या प्रश्नापाशीं चांगलीं हिशेबी माणसें अडखळतात. घरांत कोणी म्हणतें, "एकदांच पैसे देऊन मोकळें व्हावें." कोणी म्हणतें, "तेवढें खाणार कोण?" बहुधा पहिला पक्ष जिंकतो, कारण त्याच्या हातांत हॉटेलाचें दरपत्रक असतें, आणि दुसऱ्या पक्षाच्या हातांत केवळ शंका असते. त्या शंकेला आंकड्यांचें रूप देतां येतें कीं काय, हें पाहण्यासारखें आहे.

दरपत्रकांतील शब्द प्रथम समजून घेतले पाहिजेत. तेथें इंग्रजी आद्याक्षरें छापलेलीं असतात. ई. पी. म्हणजे युरोपियन प्लॅन : यांत केवळ खोली मिळते. सी. पी. म्हणजे काँटिनेंटल प्लॅन : खोली आणि सकाळची न्याहारी. ए. पी. म्हणजे अमेरिकन प्लॅन : न्याहारी आणि दोन्ही वेळचें जेवण. या दोहोंच्या मध्यें एम. ए. पी. नांवाची तडजोड असते. तींत न्याहारी आणि एक वेळचें जेवण धरतात. युरोप-अमेरिकेचा लोणावळ्याच्या आमटीभाताशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो एवढाच, कीं एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील हॉटेलें खोलीच्या भाड्यांतच जेवण धरीत, आणि युरोपांत तें निराळें आकारण्याची चाल होती. चाली गेल्या, नांवें राहिलीं, आणि तीं बोरघाट चढून वर आलीं.

आतां एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पुण्याच्या पेठेंत राहणारे पति-पत्नी, चवदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या आजी. शुक्रवारीं सायंकाळीं निघावें, दोन रात्री राहावें आणि रविवारीं परत यावें, असा बेत आहे. हॉटेलानें पुढील दर सांगितले असें धरूं; हे आंकडे केवळ हिशेबासाठीं घेतलेले आहेत, ज्याला जो दर मिळेल तो त्यानें त्या जागीं घालावा. सर्व जेवणांचे मिळून मोठ्या माणसास दररोज १,५०० रुपये, बारा वर्षांखालील मुलास अर्धे. तेंच सुटें घेतल्यास न्याहारीचे ४०० आणि प्रत्येक जेवणाचे ७००, म्हणजे दिवसाचे १,८००. मुलगी बारा वर्षांच्या पुढची, म्हणून ती मोठ्यांतच गणली गेली. तिच्या आहाराकडे पाहिलें तर हें बरोबर नाहीं, पण नियम तो नियम.

हॉटेलाचा हिशेब असा. चार मोठीं माणसें व एक मूल यांचे दोन दिवसांचे एकरकमी १३,५०० रुपये. तींच जेवणें सुटीं घेतलीं तर १६,२०० रुपये. म्हणजे २,७०० रुपये वांचले. यांत बेरजेची चूक नाहीं. वडिलांनीं कागदावर तीनदां पडताळून पाहिलें आणि समाधानानें चष्मा काढून ठेवला.

चूक बेरजेच्या अलीकडे आहे. हा हिशेब पांच माणसांचा आणि प्रत्येकाच्या सहा वेळांचा, म्हणजे तीस पानांचा आहे. तीं तीस पानें खरोखर वाढलीं जातील काय, हें कोणीच विचारलेलें नाहीं. आईनें मात्र विचारलें. तिनें पाठकोऱ्या कागदावर सहा रकाने आंखले : शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ, दुपार, रात्र, रविवारची सकाळ, दुपार. आणि प्रत्येक रकान्यांत त्या वेळीं कोण कोठें असेल तें लिहिलें.

शुक्रवारीं सायंकाळच्या लोकलनें चौसष्ट किलोमीटरचें अंतर तोडून मंडळी लोणावळ्यास उतरतील. रात्रीचें जेवण हॉटेलांत होईल, यांत शंका नाहीं. शनिवारीं सकाळीं सातला लोहगडासाठीं निघावयाचें. लोणावळ्याहून पुण्याच्या बाजूस पहिलेंच स्टेशन मळवली. तेथें उतरून भाज्यांच्या लेण्यांवरून पुढें लोहगडवाडी गांठावयाची. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत लोहगड आहे. शनिवारीं उशिरां गेल्यास पायऱ्यांवर रांग लागते. हॉटेलांत न्याहारी मात्र आठला सुरू होते. म्हणून शनिवारची न्याहारी गेली. दुपारीं बाराला मंडळी गडावर असतील, एकला असतील आणि दोनलाही असतील. पिठलें-भाकरी खालीं वाडींत मिळेल. म्हणून शनिवारची दुपारही गेली. रात्रीं भिजून, दमून आलेलीं माणसें पोटभर जेवतील. रविवारीं सकाळीं सावकाश न्याहारी होईल. खोली दहाला सोडावयाची. नंतर कार्ल्याची लेणीं आणि एकवीरा. दुपारच्या जेवणासाठीं साडेबारापर्यंत सामान घेऊन हॉटेलाच्या ओसरीवर बसून राहणें कोणालाच मानवणार नाहीं. म्हणून रविवारची दुपार गेली. सहांपैकीं तीन वेळा उरल्या.

आणि आजी? त्या गडावर जाणार नाहींत. दिवसभर हॉटेलांतच राहणार. म्हणजे निदान त्यांचे पैसे तरी वसूल होतील, असें वडिलांना वाटलें. पण तो शनिवार श्रावणांतला आहे. आजींचा उपवास सायंकाळीं सुटतो. भोजनगृहांत पंचवीस पदार्थ मांडलेले असतील आणि आजी खोलींत साबुदाण्याच्या खिचडीची वाट पाहतील. ती निराळी सांगावी लागेल, आणि तिचे पैसेही निराळे. रविवारीं सकाळीं एकवीरेच्या दर्शनाला जावयाचें असल्यामुळें दर्शनापूर्वीं त्या अन्न घेणार नाहींत. सहा वेळांपैकीं आजींच्या दोन.

आईनें बेरीज केली. तीस पानांपैकीं चवदा. सुट्या दरानें त्यांची किंमत ७,७०० रुपये. एकरकमी व्यवहार करून २,७०० वांचणार होते, त्याऐवजीं ५,८०० अधिक जाणार होते. वाडींतलें पिठलें, आजींची खिचडी आणि रविवारचें वाटेंतलें जेवण यांचा खर्च दोन्ही हिशेबांत सारखाच पडतो, म्हणून तो बाजूस ठेवला आहे.

येथें एक गोष्ट सहज नजरेंतून निसटते. एका मोठ्या माणसाचे दोन दिवसांचे सुटे दर ३,६०० आणि एकरकमी ३,०००. सवलत झाली ६०० रुपयांची. एका जेवणाची किंमत ७००. म्हणजे सवलतीचा सारा डोलारा एका जेवणावर उभा आहे. दोन दिवसांत एक वेळचें जेवण चुकलें कीं सवलत संपून शंभर रुपये अंगावर आले. दर कमीअधिक असतील. परंतु सवलत किती जेवणांइतकी आहे, एवढा एकच भागाकार केला तरी प्रश्नाचें निम्में उत्तर हातीं येतें. लोणावळ्यास जाऊन एकही जेवण न चुकवणारें कुटुंब असेल, तर तें कशासाठीं लोणावळ्यास आलें, हेंच विचारावें लागेल.

कोणी म्हणेल, पैसे भरले आहेत तर वेळा पाळाव्या. नुकसान खरें येथून सुरू होतें. पैसे भरलेला मनुष्य भोजनगृहाचा बांधील होतो. लोहगडाच्या गणेश दरवाज्यांतून आंत शिरावें, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा ओलांडून माथ्यावर यावें, समोर विंचूकाट्याची लांब सोंड ढगांत बुडत-उघडत असावी, आणि त्याच क्षणीं घड्याळ पाहून वडिलांनीं म्हणावें, "चला, अडीचला जेवण बंद होतें." मुलें विंचूकाटा न पाहतां परत फिरतात. खालीं येऊन वरण, दोन भाज्या, पापड आणि गुलाबजाम असें जेवतात, जें पुण्यांत कोठेंही मिळालें असतें. शिवाय पैसे वसूल करावयाचे म्हणून भूक नसतां दोन गुलाबजाम अधिक खातात. सायंकाळीं भुशी धरणाच्या वाटेवर गरम कांदाभजीं समोर येतात, तेव्हां पोटांत जागा नसते.

याच्या उलट आगगाडीचा पास घ्यावा. पुणें-लोणावळा लोकल १९७८ पासून धांवते. तळेगांव, वडगांव, कामशेत येथील किती तरी नोकरदार व विद्यार्थी पास काढतात, आणि तो व्यवहार निखालस फायद्याचा असतो. त्रैमासिक पास तर मासिकाच्या तिप्पट नसून २.७ पटच पडतो. पासही एकरकमीच; मग तो चांगला कां आणि हॉटेलाचें जेवण वाईट कां? तळेगांवचा मनुष्य पास काढण्यापूर्वींच रोज जात असतो. जाणें आधींचें, पास मागाहूनचा. लोणावळ्याच्या जेवणांत पैसे आधीं भरले जातात आणि जेवणाची संवय मागाहून लावून घ्यावी लागते.

रेल्वेनेंही हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला आहे. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांच्या तिकिटांत पूर्वीं जेवण सक्तीनें धरलेलें असे. २०१७ पासून तें नको म्हणण्याची मुभा प्रवाशांना मिळाली. १ जून १९३० रोजीं सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या भोजनाच्या डब्यांत तर मागवावें तेवढ्याचेंच पैसे द्यावे, अशी रीत आहे. घाटांतले बोगदे मोजीत चीज-टोस्ट खाणाऱ्या प्रवाशाला तो पुरेसा झाला कीं थांबतां येतें.

हाच प्रश्न हल्लीं मराठी कुटुंबांपुढें समुद्रावरही येऊं लागला आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या विहारनौका २०२१ सालीं सुरू झाल्या, आणि परदेशी मुलांकडे गेलेले आईवडील तिकडच्या मोठ्या जहाजांवरही जातात. जहाजावर जेवण बहुधा तिकिटांतच असतें. पेयांचें पॅकेज मात्र निराळें विकतात. चोहोंकडे समुद्र, शेजारीं दुसरें दुकान नाहीं. त्यामुळें हें पॅकेज घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं असें वाटतें. परंतु साधें पाणी, सकाळचा चहा-कॉफी बहुतेक जहाजांवर जेवणाबरोबर मिळतेंच. पॅकेजचे पैसे दिवसाला ठरतात आणि संपूर्ण सफरीचे घेतात. ज्या दिवशीं जहाज बंदराला लागून मंडळी गांवांत हिंडत असतात, त्या दिवसाचेही. तो बंदराचा दिवस म्हणजे लोहगडाचा शनिवार! कित्येक कंपन्यांचा असाही नियम आहे, कीं मद्याचें पॅकेज एकानें घेतलें तर त्याच खोलींतील सर्व मोठ्या माणसांनीं घ्यावें. नवऱ्याला दोन पेले हवे असतील, तर फक्त लिंबाचें सरबत घेणाऱ्या बायकोलाही तोच आंकडा भरावा लागतो. वर सेवेचे म्हणून शेंकडा १८ ते २० लावतात, तें जाहिरातीच्या आंकड्यांत दिसतेंच असें नाहीं. अमर्याद म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूलाही मर्यादा असते : कार्निव्हल या कंपनीच्या पॅकेजांत चोवीस तासांत मद्याचे पंधरा पेले मिळतात, सोळावा नाहीं. सोळाव्याची गरज पडणाऱ्या गृहस्थाला अर्थात् हिशेबापेक्षां वैद्याची गरज अधिक. घरांतल्या साध्या माणसानें दिवसाला आपण खरोखर किती पेये घेतों तें मोजावें, बंदराचे दिवस वजा करावे, आणि मग भागाकार करावा. रीत तीच, रकाने तेच.

तथापि एकरकमी जेवण नेहमींच टाकाऊ, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पवनेच्या जलाशयाकांठीं तंबूंत रात्र काढावयाची असेल, किंवा राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडींत मुक्काम करावयाचा असेल, तर जेवण आधीं सांगून ठेवण्यांतच शहाणपण आहे. रात्रीं आठला मुसळधार पावसांत तेथें कोणतें दुकान उघडें सांपडणार? आधीं सांगितलें म्हणजे घरच्या बाईला किती भाकरी थापाव्या हें कळतें, अन्न फुकट जात नाहीं आणि ऐन वेळीं कोणी उपाशी राहत नाहीं. ज्यांना मधुमेहामुळें ठराविक वेळीं खावें लागतें, ज्यांना हिंडावयाचें नसून केवळ खिडकींत बसून पाऊस पाहावयाचा आहे, त्यांचीं सहाच्या सहा पानें वाढलीं जातील. त्यांनीं अवश्य घ्यावें. लोणावळ्याच्या बाजारांत मात्र परिस्थिति निराळी. तेथें दोन पावलांवर खाणावळ, चार पावलांवर वडा, आणि दहा पावलांत चिक्कीचीं पांच दुकानें.

आईचा आणखी एक मुद्दा होता, आणि तो हिशेबाच्या कागदावर मावत नाहीं. प्रत्येक वेळीं ताटाची किंमत पाहावयाची, मुलानें कांहीं मागितलें कीं वडिलांनीं भुंवया उंचवावयाच्या, आजींनीं "मला कांहीं नको" म्हणावयाचें, कारण तें महाग आहे हें त्यांनीं वाचलें आहे : असे दोन दिवस काढण्यापेक्षां चार पैसे अधिक गेले तरी चालतील, असें ती म्हणाली. हा मुद्दा खरा आहे. मोकळ्या मनालाही किंमत असते. फक्त ती किती, हें ठाऊक असावें. ५,८०० रुपये ही त्या घराला फार वाटली.

म्हणून मधल्या वाटेचा विचार झाला : न्याहारी आणि रात्रीचें जेवण. त्याचा दर मोठ्या माणसास दिवसाला ९५० आणि मुलास ४७५ असा सांगण्यांत आला. पांचांचे दोन दिवसांचे ८,५५०. खरोखर खाल्लें जाणार ७,७०० चें. तोटा ८५० रुपयांचा. वडील म्हणाले, शनिवारीं साताऐवजीं न्याहारी करून साडेआठला निघालों तर हा तोटा फिटून ५५० रुपयांचा फायदा होतो. मुलीनें त्याला साफ नकार दिला. गडावर पोचेपर्यंत सारें पुणें तेथें आलेलें असेल, असें तिचें म्हणणें. न्याहारीसाठीं गडाची सकाळ घालवावयाची नाहीं, यावर अखेर एकमत झालें.

हॉटेलाशीं बोलतांना दोन-तीन गोष्टी तोंडीच विचारून घ्याव्या लागतात. सांगितलेला दर करासह आहे कीं कराविना? २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेंकडा ५ आणि त्याच्यावरच्या खोलीवर शेंकडा १८ जी. एस. टी. आहे, जेवण धरून आंकडा ही रेघ ओलांडीत असेल, तर कर कोणत्या दरानें लावला जाईल? सुट्या जेवणाच्या बिलांत सेवाशुल्क आपोआप धरतात काय? ग्राहकाच्या संमतीवांचून तें लावतां येत नाहीं, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्येंच सांगितलें आहे, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें उचलून धरलें.

आईनें दूरध्वनि केला आणि याखेरीज आणखी एक गोष्ट विचारली, जी दरपत्रकांत नव्हती. आजींना या योजनेंतून वगळून त्यांचीं दोन रात्रींचीं जेवणें सुटीं धरतां येतील काय? समोरचा कारकून प्रथम म्हणाला, असें कधीं करीत नाहीं. मग म्हणाला, व्यवस्थापकांना विचारतों. मग म्हणाला, चालेल. चौघांचे ६,६५० आणि आजींचे १,४००, मिळून ८,०५०. सुट्यापेक्षां ३५० रुपये अधिक. तेवढ्यांत दोन दिवस ताटाच्या किंमतीकडे पाहावयाचें नाहीं, असें ठरलें. शनिवारच्या खिचडीचें आजींनीं स्वतःच पाहिलें : साबुदाणा, दाण्याचें कूट आणि जिरें त्या घरूनच पुडींत बांधून नेणार होत्या, आणि हॉटेलाच्या आचाऱ्याकडून फक्त तूप आणि शेगडी मागणार होत्या.